मुलांना नाणी ओळखायला आणि त्यांची किंमत समजायला कसं शिकवावं?

करेलीबागची_आई

नमस्कार मंडळी. माझा मुलगा पाच वर्षांचा, सिनियर केजीत आहे. शंभरपर्यंत आकडे म्हणतो, वीसपर्यंत वस्तू बोट ठेवून नीट मोजतो. नाण्यांपाशी मात्र सगळं अडतं. समोर दोनाचं जुनं नाणं आणि पाचाचं नाणं ठेवलं की तो दोनाचं उचलतो, कारण ते मोठं दिसतं. पाचाचं एक हवं की रुपयाची चार, असं विचारलं तर चार. नाण्यावरचा 5 त्याला वाचता येतो, तरीही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. आमच्या घरात नाणी दिसतच नाहीत. दूध, रिक्षा, इस्त्री, सगळं फोनवर. इथे बडोद्यात खंडेराव मार्केटात कोथिंबिरीची जुडी घेतली तरी टोपलीपाशी क्यूआरची पाटी असते. पैसे दिले म्हणजे काय झालं, तर फोन वाजला, एवढंच त्याला ठाऊक.

खेळण्यांच्या दुकानातली प्लास्टिकची नाणी घ्यावीत का? खरी नाणी या वयात हातात द्यावीत का? सुरुवात कुठून करावी? सासूबाई म्हणतात, आपोआप येईल. त्यांच्या मुलांना आपोआप आलंही असेल. पण तसं यायला जे रोज डोळ्यांसमोर असावं लागतं तेच आता राहिलेलं नाही, म्हणून इथे विचारतेय.

बालवाडीताई_मांजलपूर

ताई, तुमचा मुलगा करतोय ते त्याच्या वयाला धरूनच आहे. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांच्या विचार करण्याचा जो अभ्यास केला त्यात हे दिसतं की साधारण सहा-सात वर्षांपर्यंत डोळ्यांना जे जास्त दिसतं ते मुलांसाठी जास्त असतं. तेवढीच बटणं एका रांगेत जवळजवळ आणि दुसरीत लांब लांब मांडली, तर लांब पसरलेली रांग त्यांना जास्त वाटते. मग चार नाणी एका नाण्यापेक्षा जास्त वाटणारच.

माझं सांगणं असं की ओळख आणि किंमत ही दोन कामं वेगळी करा. ओळख डोळ्यांची आणि बोटांची. किंमत सगळ्यांनी मिळून मान्य केलेली, ती नाण्याकडे कितीही वेळ बघून कळत नाही. दोन्ही एकदम शिकवायला गेलं की मूल गोंधळतं.

ओळखीसाठी आधी घरातल्या डब्यातली चिल्लर ओता आणि ती तुम्ही स्वतः वेगळी करा, मुलाला बोलावण्याआधी. आपल्याकडे एकाच किमतीची चार-पाच रूपं एकाच वेळी चालू आहेत, आणि गोंधळाचं खरं मूळ तिथे आहे. 2011 पासूनच्या ₹ चिन्हाच्या नाण्यांत दोनाचं 25 मिमी रुंद आहे आणि पाचाचं 23 मिमी. त्याआधीच्या, 2007 पासूनच्या हस्तमुद्रेच्या नाण्यांत रुपयाचंच नाणं 25 मिमी. म्हणजे अंगठा दाखवणारा जुना रुपया आणि पुढच्या मालिकेतलं दोनाचं, आकाराने सारखी! मोठी माणसंही घाईत फसतात.

म्हणून सुरुवातीला फक्त 2019 ची मालिका घ्या, जिच्यावर धान्याच्या लोंब्या आहेत. ती दृष्टिहीन व्यक्तींना ओळखता यावी म्हणून मुद्दाम घडवलेली आहे, आणि आराखड्यात आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा हात आहे. रुपया 20 मिमी, दोनाचं 23, पाचाचं 25, दहाचं 27. किंमत वाढते तसा आकार वाढतो, वजनही वाढतं. पाच वर्षांच्या मुलाची "मोठं म्हणजे जास्त" ही समजूत इथे त्याला मदत करते. 2022 ची अमृत महोत्सवाची नाणीही याच मापांची आहेत, ती यात मिसळली तरी चालतील. काही दिवस हीच. जुनी सगळी डब्यात बंद.

खेळ साधे ठेवा. एकसारखी वेगळी कर. कागदाखाली नाणं ठेवून पेन्सिल घास आणि उमटलेलं नाणं कोणतं ते सांग. मग उलट बाजू, म्हणजे सिंहाची. त्या बाजूला किंमत लिहिलेली नसते, तिथे आकार आणि रंगच बघावा लागतो. हे बहुतेक पालक विसरतात आणि मूल फक्त आकडा वाचायला शिकतं.

किमतीचं नंतर लिहिते, वर्ग सुरू होतोय.

शिशुवैद्य_अलकापुरी

बालवाडीताईंचं पुढचं येईपर्यंत एक गोष्ट, आणि ती आधी वाचा. तीन वर्षांखालचं भावंड घरात असेल तर नाण्यांचा खेळ टेबलावर, मोठ्या माणसासमोर, आणि शेवटी मोजून डब्यात. लहान मुलं ज्या वस्तू गिळतात त्यांत नाणं फार वरच्या क्रमांकावर आहे. बरीचशी पोटातून निघून जातात, पण अन्ननलिकेत अडकलं तर लाळ गळते, गिळताना दुखतं, मूल खाणं नाकारतं. अशा वेळी घशात बोट घालू नका, केळं-भात भरवू नका, सरळ दवाखाना गाठा.

बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या चिल्लरच्या डब्यात कधीही टाकू नका. त्या नाण्यासारख्याच दिसतात आणि अन्ननलिकेत अडकल्या तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. बॅटरी गिळल्याचा संशय असला तरी वाट बघायची नाही.

बालवाडीताई_मांजलपूर

डॉक्टरांनी लिहिलं ते फार बरं झालं. आमच्याकडे खेळ संपला की मुलंच नाणी मोजून परत देतात, तो खेळाचाच भाग आहे.

आता किंमत. यासाठी मी टिकल्या वापरते, कपाळावर लावायच्या साध्या लाल टिकल्या. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायच्या. एका पट्टीवर रुपयाचं नाणं चिकटवायचं, त्यापुढे एक टिकली. दोनाच्या पुढे दोन. पाचाच्या पुढे पाच, दहाच्या पुढे पाच-पाचच्या दोन ओळी. आता "चार रुपये हवेत की पाचाचं एक?" असं विचारल्यावर मूल नाणी मोजत नाही, टिकल्या मोजतं. चारापुढे चार टिकल्या, एकापुढे पाच. ते थांबतं. पुन्हा मोजतं. त्या थांबण्याची वाट बघायची, आपण उत्तर सांगायचं नाही.

मग अदलाबदल. तुम्ही बँक, तो गिऱ्हाईक. फासा टाकायचा, जितके पडतील तितकी रुपयाची नाणी त्याला. पाच झाली की बँकेत देऊन पाचाचं एक घ्यायचं. पाचाची दोन झाली की दहाचं. हा खेळ मुलं तासभर खेळतात. पाच नाणी देऊन एकच हातात येतं तेव्हा काही मुलं रुसतात. रुसू द्या, जबरदस्तीने अदलाबदल करू नका. दुसऱ्या दिवशी तेच मूल स्वतःहून बदलून मागतं.

प्लास्टिकची नाणी मी वापरत नाही. त्यांची मापं खऱ्याशी जुळत नाहीत, वजन तर नाहीच. दहा-वीस रुपयांची खरी चिल्लर त्याहून स्वस्त पडते.

रावपुऱ्याचे_आजोबा

हा धागा वाचून फार बरं वाटलं. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली तेव्हा मी शाळेत होतो. त्या वर्षी आमच्या घरात सगळेच नाणी शिकत होते, आजीसुद्धा. आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे, पाठ केलेले ते याच हिशेबासाठी. आणि एके दिवशी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आता हे मुलाला कसं समजवायचं?

पण त्या नव्या पैशावर एक ओळ होती, ती मला आजही फार मोलाची वाटते: "रुपये का सौवाँ भाग". दहा नव्या पैशांवर "रुपये का दसवाँ भाग". नाण्याचं मोठ्या नाण्याशी नातं काय, ते नाण्यावरच लिहिलेलं. बालवाडीताईंच्या टिकल्यांच्या पट्ट्या तेच करताहेत.

शिवाय आमच्या वेळी आकार वेगळे होते. पाच पैसे चौकोनी, दोन आणि दहा पैशांना नागमोडी कडा, पुढे तीन पैसे आले ते षट्‌कोनी. खिशात हात घातला तरी कळायचं. आता विसाचं सोडलं तर रोजची सगळी गोल, म्हणून मुलांना जास्त जड जातं असं माझं मत आहे.

माझ्याकडे वडिलांच्या डबीतली बडोदा संस्थानची तांब्याची नाणी आहेत, सयाजीराव महाराजांच्या काळातली. त्यांवर महाराजांचं नाव देवनागरीत, शिवाय घोड्याचा खूर आणि तलवार. नातीला दाखवली तर तिने पहिला प्रश्न केला, "यात काय मिळायचं?" किमतीचा प्रश्न असाच विचारला पाहिजे. यात काय मिळतं. मूल आकड्यापेक्षा तेवढंच लक्षात ठेवतं.

अनिवासी_बडोदेकर

मी न्यू जर्सीत असते. इथे त्रास वेगळा. पाच सेंटचं निकेल 21 मिमीच्या आसपास, आणि दहा सेंटचं डाइम जेमतेम 18. वर डाइमवर 10 हा आकडाच नाही, नुसतं "वन डाइम" लिहिलेलं. इथल्या शाळांतल्या शिक्षिका म्हणूनच नाण्यांवर ठिपके काढून मोजायला शिकवतात. टिकल्यांची पट्टी वाचून मला तेच आठवलं. सुट्टीत बडोद्याला आले की मुलीला आपली नाणी शिकवणार, 2019 ची मालिका इथल्यापेक्षा खरंच सोपी आहे.

मोतीबाग_वाचक

मी थोडा विरोध नोंदवतो. पाच वर्षांच्या मुलाला पैशाच्या मागे कशाला लावायचं? आणि पुढे नाणी राहणारच नाहीत. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि आत्ताच ही अवस्था. त्यापेक्षा बेरीज पक्की करा, पैसे आपोआप जमतील.

करेलीबागची_आई

मोतीबाग, त्याने पैशाच्या मागे लागावं असं मला अजिबात वाटत नाही. तो आता मागे लागतो, कारण फोनमधल्या पैशाला शेवट नाही. खेळण्याच्या दुकानात "नाहीत पैसे" म्हटलं तर म्हणतो, "फोन दाखव ना." मुठीत सात रुपये असले आणि वस्तू दहाची असली की पुरत नाहीत हे हाताला कळतं. ते मी बोलून समजावू शकत नाही.

बालवाडीताई_मांजलपूर

आणि बेरजेलाही नाणीच उपयोगी पडतात. दोनाच्या नाण्यांची रांग म्हणजे 2, 4, 6, 8. पाचाची रांग म्हणजे पाचाचा पाढा, घड्याळाचे काटे शिकवताना तोच लागतो. "दहा रुपये किती वेगवेगळ्या प्रकारे मांडता येतील?" हे कोडं पहिलीच्या मुलांना घाला. फक्त 1, 2 आणि 5 ची नाणी वापरून बरोबर दहा प्रकार होतात. पाचाची दोन, हा एक. पाचाचं एक घेतलं तर उरलेल्या पाचाचे तीन. पाचाचं एकही नाही तर सहा. मुलं आधी वाटेल तशी मांडतात, मग एखादं मूल पाचापासून क्रमाने मांडायला लागतं, आणि त्या मुलाला मी काहीच शिकवलेलं नसतं.

बोटांनी_वाचणारा

माझी दृष्टी खूप कमी आहे, हे उत्तर आवाजाने टाइप करतोय. मुलांना नाणी पिशवीत घालून हाताने ओळखायला लावा. आम्ही रोज तेच करतो. 2019 च्या आधी मला दोन आणि पाच वेगळी करायला फार वेळ लागायचा, गल्ल्यापाशी मागचे लोक घाई करायचे. नवीन मालिकेत वजनावरूनच बरंच कळतं.

दहाचं आणि विसाचं मुलांना मुद्दाम एकत्र द्या. दोन्ही 27 मिमी, रुंदी मोजून फरक कळणार नाही. पण विसाच्या नाण्याला बारा बाजू आहेत, कडेवरून अंगठा फिरवला की कोपरे लागतात. बघू शकणाऱ्या मुलांसाठी रंग: दहाचं बाहेर पिवळं, आत पांढरं, विसाचं नेमकं उलट. तुमच्या मुलांना डोळे मिटून हे जमू लागलं, तर पुढे कधी रांगेत माझ्यासारखा कोणी नाणी चाचपत असेल तेव्हा ती थांबतील.

करियाणावाला_वाडी

दुकानदाराच्या बाजूने लिहितो. मुलांना नाणी देऊन दुकानात पाठवा, मला आवडतं. फक्त संध्याकाळी सात वाजता नको, तेव्हा गर्दीत मला त्या मुलाकडे लक्ष देता येत नाही. दुपारी किंवा सकाळी अकराच्या पुढे आणा. मी स्वतः त्याच्याकडून मोजून घेईन.

पहिल्यांदा बरोबर रक्कम द्या, परत घ्यायचं काही ठेवू नका. पाचाचं बिस्किट, दहाचं बिस्किट, दोनाची काडेपेटी, रुपयाची गोळी. पाकिटावरची छापील किंमत मुलाला शोधायला लावा. लहान पाकिटं बहुतेक 5 आणि 10 चीच असतात, त्यामुळे त्याच दोन नाण्यांचा सराव होतो.

परचूरण, म्हणजे सुटे पैसे, नसलं की हातावर चॉकलेट ठेवायची सवय आमच्या धंद्यात आहे. मुलाला ते करू नये असं माझं ठाम मत आहे. त्याने दहा दिले, सातचं घेतलं, तर त्याच्या हातात तीन रुपये पडले पाहिजेत. नाहीतर तो शिकला काय?

आणि दहाच्या नाण्याबद्दल. काही दुकानांत अजून "चालत नाही" म्हणतात, काही जण लहान रुपयालाही नाक मुरडतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की दहाच्या नाण्याचे तेव्हापर्यंतचे चौदाही प्रकार खरे आणि वैध आहेत. लहान मुलाचं नाणं पहिल्याच खेपेला परत आलं तर ते घाबरतं, म्हणून आधी दुकान बघून ठेवा.

दांडियाबाजारची_सून

आमच्याकडे सणांतून शिकवणं होतं. चैत्रातलं हळदीकुंकू, ओटी, गणपतीपुढचा विडा, प्रत्येक ठिकाणी नाणं लागतं. मुलीला ताट लावायला बसवते. "प्रत्येक विड्यावर एकेक रुपया ठेव", मग "दोनाचं ठेव, आता किती झाले?" आहेराच्या पाकिटात 51 घालायचे तर पन्नासची नोट आणि एक नाणं, 101 ला शंभरची आणि एक. पाकिटाला चिकटवलेला रुपया बघून तिला एकदम उलगडलं की नोट आणि नाणं मिळून एकच रक्कम होते.

सव्वा रुपया मात्र आता नाण्यांत ठेवता येत नाही. पंचवीस पैसे 30 जून 2011 पासून चलनातून गेले. आम्ही सव्वाच्या जागी सरळ अकरा ठेवतो.

करेलीबागची_आई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. 2019 ची वेगळी केली. टिकल्यांच्या पट्ट्या केल्या, त्या लावायला त्यालाच बसवलं आणि पाचापर्यंत तो स्वतः मोजून लावतो. पाच विरुद्ध चार रुपये, तिथे तो आता थांबतो आणि माझ्याकडे बघतो. बँकेच्या खेळात पाच नाणी द्यायला अजून जीवावर येतं.

तीन प्रश्न उरले. जुनी नाणी कधी मिसळायची? आमच्या डब्यात नवीन फारशी नाहीत, ती कुठून आणायची? आणि परत मिळणारे सुटे कसे शिकवायचे? वजाबाकी अजून शाळेत आलेली नाही.

रावपुऱ्याचे_आजोबा

नाणी बँकेतून मागा. शाखेत जाऊन रुपया, दोन, पाचाची नाणी हवीत म्हटलं की देतात, मी नातीला बरोबर नेतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2023 मध्ये क्यूआरवर नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग बारा शहरांत जाहीर केला, त्यांत आपलं बडोदाही होतं. पण मुलाने खिडकीपाशी उभं राहून नोट द्यावी आणि ओंजळभर नाणी घ्यावीत, ते मला जास्त पसंत आहे. नोट एक, नाणी कितीतरी, आणि रक्कम तीच.

नाणी आणली की वर्षाखालची खूण बघायला सांगा. पत्त्यांतल्या चौकटीसारखी खूण म्हणजे मुंबईची टांकसाळ, तारा हैदराबादची, ठिपका नोएडाचा, आणि काहीच नसेल तर कोलकात्याची. मुलं भिंग घेऊन बसतात आणि त्या निमित्ताने प्रत्येक नाणं दहा वेळा हाताळलं जातं.

बालवाडीताई_मांजलपूर

जुनी मिसळायची ती नवीन चार नाणी उलट बाजूनेही चटकन ओळखता आल्यावर. एकेक प्रकार आणा. हस्तमुद्रेची आधी, कारण रुपयावर एक अंगठा आणि दोनावर दोन बोटं आहेत, मुलं हात तसा करून बघतात. मग 2011 पासूनची ₹ चिन्हाची, जिथे दोन पाचापेक्षा मोठं आहे. तोवर टिकल्या पक्क्या झालेल्या असतात, त्यामुळे "हे मोठं आहे पण टिकल्या दोनच" असं मूलच म्हणतं. नकाशाचं अकरा बाजूंचं जुनं दोनाचं मिळालं तर शेवटी.

परत सुटे मिळतात त्यासाठी वजाबाकी लागत नाही. आपले जुने दुकानदार करायचे तसं पुढे मोजायचं. वस्तू सातची, दिलं दहाचं नाणं. सात म्हणायचं आणि एकेक रुपया हातावर ठेवायचा: आठ, नऊ, दहा. थांबायचं. हातावर किती? तीन. आधी सगळे रुपयाचे ठेवा, मग दोनाचं वापरून: नऊ, दहा. घरात दुकान मांडून त्यालाच दुकानदार करा, कारण सुटे मोजून देणारा जास्त शिकतो. बँकेच्या खेळात पाच नाणी सोडवत नसतील तर तिथेही जागा बदला, बँक त्याला होऊ द्या. पाच घेऊन एक द्यायला मुलं आनंदाने तयार होतात, आणि दोन-चार डावांनंतर एक घेऊन पाच सोडायलाही. विसाचं नाणं हे सगळं बसल्यावर काढा, आणि तेव्हाही पहिल्यांदा पिशवीत, हाताने.